नवव्या पायरीवरचे हात

लू प्रांताच्या सुभेदाराला धनुष्य ओढता येईना. गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीची, चीनमधल्या स्वे घराण्याच्या राजवटीतली. हाताला वारं बाधलंय, असं निदान झालं होतं. काढे झाले, वैद्य बदलून झाले, पण हात काही साथ देईना. शेवटी चन च्वान नावाचा वैद्य आला. त्याने सुभेदाराला धनुष्यबाण घेऊन निशाणाकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, खांद्याच्या टोकाशी एका जागी सुई टोचली आणि बाण सुटला. थांग घराण्याच्या अधिकृत इतिहासात ही हकीकत दोन-चार वाक्यांत नोंदलेली आहे. पुढे ६४३ साली, हा वैद्य १०३ वर्षांचा असताना, खुद्द सम्राट थायझोंग त्याच्या घरी गेला होता, असंही तिथे लिहिलंय. दरबारी इतिहासकारांना असल्या गोष्टी फार प्रिय. ज्यांचा बाण सुटलाच नाही त्यांची यादी कुणी ठेवत नसतं.

ती जागा मात्र अजून वापरात आहे. हात बाजूला खांद्याच्या रेषेत उचलला की खांद्याच्या टोकाशी दोन खळगे पडतात. त्यांतला पुढचा तो ‘जिआनयू’. आपल्याकडच्या ॲक्युप्रेशरच्या वर्गांत त्याला ‘एलआय १५’ म्हणतात. अर्धांगवायूच्या रुग्णाचा खांदा दुखायला लागला की दाब देणाऱ्याचा अंगठा हमखास तिथे जातो. दुखऱ्या जागी हात जाणं हे सुईइतकंच जुनं, कदाचित तिच्याहून जुनं. इतिहासात नाव मात्र सुईचं झालं. त्या सुभेदाराचा हात पुढचे महिने कुणी चोळला, कुणी दाबला, कुणी रोज वर-खाली केला, याबद्दल इतिहासात अक्षर नाही.

चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ दोन हजार वर्षांहून जुना मानला जातो. त्यात अर्धांगाचं वर्णन आहे, आणि ते चकित करण्याइतकं नेमकं आहे. शरीराची एक बाजू कामातून जाते, तिथे दुखतं, पण वाचा शाबूत असते आणि मनही ठिकाणावर असतं. अशा रुग्णाचा रोग मांस आणि त्वचेच्या मधल्या थरांत आहे, त्याला मोठी सुई चालवावी, असं तो ग्रंथ सांगतो. वाचा आणि भान गेलेल्या रुग्णाला तो वेगळा काढतो. आज अतिदक्षता विभागात डॉक्टर रुग्णाला नाव विचारतात, हात उचलायला सांगतात, तीच ही पारख. उपचार चुकला असेल, निरीक्षण चुकलेलं नाही.

याच ग्रंथात देशाच्या पाच दिशांचे पाच उपचार सांगितले आहेत. पूर्वेकडून दगडी सुया आल्या, पश्चिमेकडून औषधं, उत्तरेकडून डाग देणं आणि दक्षिणेकडून बारीक सुया. सपाट, ओलसर आणि सुबत्तेच्या मधल्या प्रदेशातून आलं ते दाबणं, चोळणं आणि अंग ताणणं. तिथले लोक खाऊनपिऊन सुखी आणि कष्ट कमी, म्हणून त्यांना हातापायांची कमजोरी होते, असं कारणही दिलं आहे. हात, सुई आणि औषध इथे एका पंगतीत बसलेले दिसतात. पंगत मोडली ती पुढे, दरबारात.

थांग घराण्याने राजधानी चांगआनमध्ये राजवैद्यकाचं मोठं खातं चालवलं. त्यात चार विभाग होते: औषधांचा, सुयांचा, दाबण्या-चोळण्याचा आणि मंत्रतंत्राचा. मर्दनाच्या विभागात एक आचार्य, चार वैद्य, सोळा कारागीर आणि पंधरा विद्यार्थी असत. त्यांनी आठ प्रकारच्या व्याधी दूर करायच्या होत्या आणि त्या यादीत पहिलं नाव होतं वाऱ्याचं. हाड मोडलं, सांधा निखळला तर तेही त्यांच्याकडेच. म्हणजे अंगावरून वारं गेलेला माणूस याच विभागाच्या दारात यायचा. आता दर्जा पाहा. थांग दरबारात अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेण्या होत्या. औषधांचा आचार्य आठव्या श्रेणीत वर, सुयांचा आचार्य त्याच श्रेणीत खालच्या अंगाला. मर्दनाचा आचार्य नवव्या श्रेणीच्या अगदी तळाला, मंत्र घालणाऱ्याच्या शेजारी. त्याच्याखाली सरकारी श्रेणीच नव्हती.

हा शेजार योगायोगाचा नसावा, कारण तो पुढे सुमारे नऊशे वर्षांनी पुन्हा दिसतो. मधल्या सोंग राजवटीत मर्दनाचा स्वतंत्र विभागच उरला नव्हता. मिंग घराण्याने तो पुन्हा सुरू केला, पण १५७१ साली राजवैद्यकाच्या तेरा शाखांतून दोन शाखा वगळण्यात आल्या, मर्दन आणि मंत्र. दोघांना एकत्र आत घेतलं होतं, एकत्रच बाहेर काढलं. अडीच शतकांनी सुईवरही पाळी आली. १८२२ साली दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यकातून सुया आणि डाग देणं कायमचं बंद केलं. राजाच्या अंगाला हे उपचार शोभत नाहीत, असं कारण देण्यात आलं.

दरबारातून बाहेर पडलेले हात उपाशी मेले नाहीत. ते न्हाव्याच्या दुकानात गेले, यांगझोऊच्या हमामखान्यांत गेले, लहान मुलांच्या पोटदुखीवर आणि तापावर चालले. मुलांच्या मर्दनावरचा एक जुना पाठ १६०१ साली छापलेल्या सुयांच्या थोर ग्रंथात शेवटी जोडलेला आहे. विद्वानांनी मोठ्यांचं मर्दन जवळजवळ सोडून दिलं. अर्धांगाचे रुग्ण सोडण्यासारखे नव्हते, ते घरोघरी पडून होतेच.

मर्दनाच्या जोडीला एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ६१० साली चाओ युआनफांग या राजवैद्याने रोगांच्या कारणांवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात औषधांचे पाठ जवळजवळ नाहीतच, त्याऐवजी रोगागणिक व्यायाम दिलेले आहेत. अर्धांगाच्या रुग्णाने भिंतीला पाठ टेकून ताठ उभं राहावं, श्वास धरावा आणि डोक्यापासून पायापर्यंत प्राण उतरत आहे अशी भावना करावी. प्राणाचं काय व्हायचं ते होवो, पण भिंतीला टेकून ताठ उभं राहणं हे पक्षाघाताच्या रुग्णासाठी मोठं काम असतं. दोन्ही पायांवर सारखा भार द्यायला शिकणं आजच्या फिजिओथेरपीतही पहिल्या धड्यांत येतं.

औषधवाल्यांचीही बाजू सांगायला हवी, कारण अर्धांगाच्या चिनी इतिहासातला सर्वांत मनस्वी माणूस त्यांच्यातलाच. वांग छिंगरेन हा उत्तर चीनमधला वैद्य. १७९७ साली साथीत मेलेल्या मुलांची प्रेतं उघड्यावर पडली होती. कुत्र्यांनी फाडलेली ती प्रेतं तो रोज सकाळी जाऊन पाहत असे, कारण पूर्वजांच्या ग्रंथांतल्या अवयवांच्या आकृत्यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. १८३० साली त्याचं छोटं पुस्तक आलं, त्यात त्याने जुन्या वैद्यांच्या चुका काढल्या. त्याचं म्हणणं असं की अर्धांग वाऱ्याने होत नाही. शरीराच्या मूळ शक्तीचे दहा भाग आहेत, ते घटत जातात आणि उरलेले एकाच बाजूला गोळा होतात. रिकामी राहिलेली बाजू लुळी पडते. अर्धांग पडण्याआधीच्या बारीक खुणाही त्याने तीसेक तरी नोंदवल्या: अचानक चक्कर, एका हाताची थरथर, पायाला मुंग्या. शरीराच्या डाव्या बाजूच्या वाहिन्या डोक्यात उजवीकडे जातात, हेही त्याने लिहून ठेवलं. त्याच्या काढ्यात एका मुळीचं, हुआंगछीचं, प्रमाण चार लियांग, म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम. बाकी सगळी द्रव्यं चिमूटभर. त्यांत गांडूळ आहे आणि आपल्या सोलापूर-मराठवाड्यात शेतोशेत दिसणाऱ्या करडईची फुलंही आहेत.

हीच हुआंगछी सहाव्या शतकातल्या एका गोष्टीत भेटते. छन घराण्याच्या राजमातेची वाचा बसली, दातखीळ इतकी की औषध घशाखाली उतरेना. शू यिनझोंग या वैद्याने हुआंगछीचा काढा हंडेच्या हंडे उकळवून तिच्या पलंगाखाली ठेवला. खोली धुक्यासारख्या वाफेने भरली, आणि त्याच रात्री ती बोलली म्हणे. इथेही वैद्याचं नाव टिकलं. हंडे उचलणाऱ्यांचं टिकलं नाही.

जपानने चीनकडून आठव्या शतकाच्या सुरुवातीला कायदेकानू उचलले, तेव्हा मर्दनाचा आचार्यही उचलला. पण तिथे या धंद्याने वेगळंच वळण घेतलं. सतराव्या शतकात सुगियामा वाइची हा आंधळा माणूस सुईवैद्य झाला. सुई बारीक नळीतून घालायची पद्धत त्याने रूढ केली. नळी त्वचेवर टेकवायची, सुईचं टोक वर थोडं डोकावत असतं, त्यावर बोटाने टिचकी मारायची. डोळ्यांची गरजच उरली नाही. शोगुन त्सुनायोशीवर त्याने उपचार केले आणि राजाश्रयाने आंधळ्यांसाठी सुई आणि ‘अनमा’, म्हणजे मर्दन, शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. एदो काळाच्या जपानमध्ये रात्री शिटी वाजवत गल्लीतून जाणारा आंधळा अनमावाला हे ओळखीचं दृश्य होतं. धंदा हलका समजला जाई, पण तो अंधांचा हक्काचा होता. १९११ साली सरकारने परवाने सुरू केले, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने हे सगळं बंद करायचा घाट घातला तेव्हा अंध व्यावसायिकांनी लढा दिला, आणि १९४७ च्या कायद्याने धंदा वाचला.

अंगठ्याने सरळ दाब देण्याची ‘शियात्सू’ ही पद्धत याच मातीतली. नामिकोशी तोकुजिरो याने १९४० साली टोकियोत तिची शाळा काढली. १९५४ साली मॅरिलिन मन्रो जपानला आली असता पोट दुखू लागल्यावर याच माणसाला बोलावलं होतं, आणि त्या एका भेटीने शियात्सूला जी प्रसिद्धी मिळाली ती बाकीच्या आयुष्यभराच्या कामाने मिळाली नसती. १९६४ साली कायद्यात शियात्सूचं नाव अनमा आणि मसाजच्या बरोबरीने आलं.

त्याचं फळ पक्षाघाताच्या रुग्णाला मिळालं, आणि ते फारच व्यवहारी आहे. डॉक्टरने स्नायूंचा लुळेपणा किंवा सांधे आखडणं लिहून दिलं, संमतिपत्र दिलं, तर परवानाधारक मसाजवाला घरी येतो आणि त्याचा खर्च जपानी आरोग्य विमा उचलतो. रोगाचं नाव महत्त्वाचं नाही, सांधा वळतो की नाही हे महत्त्वाचं. ॲक्युप्रेशरचा दावा आणि मर्दनाचं साधं काम यांतली रेषा जपानी कायद्याने अशी ओढली. वाहिन्या मोकळ्या होतात का, हा प्रश्न विमा कंपनी विचारतच नाही.

चीनमध्ये हात पुन्हा वर आले ते विसाव्या शतकात, आणि तेही हळूहळू. यांगझोऊच्या दिंग घराण्यात ‘एका बोटाचं ध्यान’ नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या होती. अंगठ्याचं टोक रुग्णाच्या बिंदूवर रोवायचं आणि मनगट झुलवत दाब द्यायचा. त्या घरातल्या दिंग जिफेंगला ही जागा फारच लहान वाटली. लुळ्या मांडीला आणि आखडलेल्या खांद्याला एका अंगठ्याने किती वेळ झुलवणार? १९४० च्या दशकात शांघायमध्ये त्याने दाब अंगठ्यावरून हाताच्या पाठीकडे नेला. करंगळीच्या बाजूने हाताची पाठ रुग्णाच्या स्नायूवर टेकवायची, मनगट वळवायचं, हात लाटण्यासारखा पुढे-मागे लोळवायचा. या पद्धतीला ‘गुन’ म्हणतात. मिनिटाला १२० ते १६० आवर्तनं, आणि तीही हात त्वचेवरून न घसरता. घसरला तर कातडी सोलते, उचलला तर खाली आपटतो. विद्यार्थी आधी माणसाला हात लावत नाहीत. कापडी पिशवीत तांदूळ भरून तिच्यावर महिनोन्‌महिने सराव करतात, पिशवीतल्या दाण्यांचा आवाज एकसारखा येतो का ते गुरू कान देऊन ऐकतो.

१९५६ साली शांघायमध्ये सरकारने या कलेचा प्रशिक्षण वर्ग सुरू केला, १९५८ साली शाळा निघाली, आणि झू चुनथिंग हा ‘एका बोटाचा’ उस्ताद तिचा मुख्याध्यापक झाला. हमामखान्यातल्या आणि न्हाव्याच्या पेढीतल्या कारागिरांना पगार, पाठ्यपुस्तक आणि रुग्णालयात खोली मिळाली. मिंग काळानंतर पहिल्यांदाच हात सरकारी नोकरीत परत आले, म्हटलं तरी चालेल.

दिंग आपली पद्धत बसवत होता त्याच १९४० च्या दशकात लंडनमध्ये चित्रकार सायमन एल्विस यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, आणि बर्लिनहून आलेल्या बर्टा बोबाथ त्यांच्यावर उपचार करत होत्या. बोबाथ मूळच्या जिम्नॅस्टिक्सच्या शिक्षिका. आखडलेला हात ताकदीने ओढायचा नाही, तर शरीराची ठेवण बदलून त्याचा ताण सैल करायचा आणि मग हालचाल मागायची, हे त्यांनी एल्विस यांच्यावर काम करता करता ओळखलं. बोबाथ पद्धत पुढे जगभरच्या फिजिओथेरपीत शिकवली गेली. शांघायचा दिंग आणि लंडनच्या बोबाथ एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांनाही एकाच गोष्टीने छळलं होतं: आखडलेला स्नायू चुकीच्या ठिकाणी जोरात दाबला तर तो आणखी आखडतो. आज शहाणा मर्दनवाला रुग्णाच्या बोटं मिटवणाऱ्या स्नायूंना जपून हात लावतो आणि उघडणाऱ्या बाजूवर जास्त काम करतो. ‘जिथे दुखेल तिथे जोरात’ हा आपल्याकडचा लाडका नियम इथे साफ चुकतो.

आता सुई हिंदुस्थानात कशी आली ते पाहू, कारण ॲक्युप्रेशर तिच्या पदराला धरून आलं, आणि त्या वाटेवर सोलापूर लागतं. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ही बोट मुंबईहून निघाली, तिच्यात काँग्रेसने चीनला पाठवलेलं पाच डॉक्टरांचं पथक होतं: अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची कथा मराठी घरांत सांगायची गरज नाही. १९४६ साली शांतारामबापूंनी ती पडद्यावर आणली. कोटणीसांचं काम युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करण्याचं होतं, आणि ते ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. बिजॉय कुमार बसू १९४३ साली परतले. चीनमधल्या येनानच्या रुग्णालयात सुईचे वर्ग सुरू झाले ते १९४५ साली, म्हणजे बसूंची तिच्याशी गाठ दोन वर्षांनी चुकली. तिथे सुई शिकलेल्या झू लियान या डॉक्टर बाईंनी १९५१ साली मज्जासंस्थेच्या भाषेत सुईचं नवं पुस्तक लिहिलं. बसूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीन गाठला, सुया शिकल्या आणि १९५९ पासून कोलकात्यात रुग्ण तपासू लागले. पुढे कोटणीस स्मृती समितीच्या नावाने बंगालमध्ये दवाखाने निघाले. सर्जन असलेल्या सोलापूरकराचं नाव देशभर सुयांच्या दवाखान्यांवर झळकतं ते मित्राच्या या हट्टापायी.

१९७० च्या दशकात चीनमधल्या दोन पद्धतींनी अर्धांगाला सुईच्या केंद्रस्थानी आणलं. शान्शी प्रांतातल्या जिआओ शुनफा यांनी मेंदूचा हालचालींचा पट्टा डोक्याच्या कातडीवर आखला आणि उलट्या बाजूला सुई घालू लागले. थिआनजिनमध्ये शी शुएमिन यांनी १९७२ पासून मनगट, ओठावरची खाच आणि घोट्याच्या वरची जागा यांभोवती आपली पद्धत उभी केली. १९७९ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुईने उपचार करता येतील अशा रोगांची यादी छापली, त्यात मेंदूच्या झटक्यानंतरचा लुळेपणा होता. या यादीचा हवाला आजही दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतो. ती तज्ज्ञांच्या अनुभवावर बेतलेली होती, काटेकोर चाचण्यांवर नाही, हे पाटीवर कुणी लिहीत नाही.

सुईसाठी डॉक्टर लागतो, भीती वाटते, निर्जंतुकीकरण लागतं. अंगठा घरोघर असतो. म्हणून १९८० नंतर आपल्याकडे पसरलं ते ॲक्युप्रेशर. मुंबईच्या देवेंद्र व्होरांच्या पुस्तकाने तळव्यावरचे बिंदू मध्यमवर्गाच्या घरात आणले. यातलं बरंचसं चिनी नव्हतंच. तळहात-तळपायाचे नकाशे अमेरिकेत डॉ. विल्यम फिट्झजेराल्ड यांच्या १९१७ च्या ‘झोन’ उपचारातून आणि युनिस इंगम यांच्या १९३८ च्या पायावरच्या पुस्तकातून आलेले. वर कोरियाचं सुजोक मिसळलं. प्लॅस्टिकचे काटेरी रोलर, लाकडी ‘जिमी’, पिरॅमिडचे काटे असलेल्या चपला, आणि हे सगळं ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं’. लुळ्या हातात काटेरी रोलर देण्याआधी घरच्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्या बाजूची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे रुग्णाला काटा टोचला तरी कळत नाही, आणि मधुमेही पायाला झालेली जखम बरी होता होत नाही. कायद्याने सुईची नोंद घेतली: पश्चिम बंगालने १९९६ साली, नंतर महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने, आणि केंद्र सरकारने २०१९ साली तिला स्वतंत्र उपचारपद्धतीची मान्यता दिली.

त्याहून धोकादायक वस्तू मोबाइलवर येते. झटका आला की रुग्णाला हलवू नका, शिवणाची सुई तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, रक्ताचा थेंब काढा, असा चिनी प्राध्यापकाच्या नावाचा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याला जुना आधार आहे, हे खरं. बेशुद्ध रुग्णाच्या बोटांच्या टोकांतून रक्त काढायची पद्धत चिनी वैद्यकात आहेच. ६८३ साली थांग सम्राट गाओझोंगला डोकं जड होऊन दिसेनासं झालं, तेव्हा राजवैद्याने डोक्याला टोचून रक्त काढायची परवानगी मागितली. पडद्याआड बसलेली सम्राज्ञी वू भडकली, सम्राटाच्या डोक्यातून रक्त काढणाऱ्याचं डोकं उडवा म्हणाली. सम्राटाने तरी टोचून घेतलं आणि दिसायला लागलं म्हणाला. सम्राज्ञीने मग स्वतः रेशमाच्या थानांचं बक्षीस दिलं. ते वर्ष संपायच्या आत सम्राट वारला. आज मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि बोटं टोचण्यात गेलेला वेळ त्यातूनच जातो. ॲक्युप्रेशरचं काम असलंच तर ते रुग्ण रुग्णालयातून घरी आल्यावरचं.

मग घरी आल्यावर त्याचा उपयोग होतो का? सुईबाबत याचा सर्वांत प्रामाणिक शोध स्वीडनमधल्या लुंडच्या बार्ब्रो योहान्सन यांनी घेतला. १९९३ साली त्यांनी ७८ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या उपचारांसोबत सुया मिळालेले रुग्ण स्पष्टपणे पुढे होते: चालणं, स्वतःची कामं करणं, सगळ्यात. जगभरच्या सुईवाल्यांनी ही चाचणी डोक्यावर घेतली. योहान्सन यांना मात्र एक शंका राहिली. सुया मिळालेल्या रुग्णांना जास्तीची भेट मिळत होती, जास्तीचा हात लागत होता, दुसऱ्या गटाला तेवढं काहीच नव्हतं. २००१ साली १५० रुग्णांवर त्यांनी पुन्हा चाचणी घेतली. आता तिन्ही गटांना दहा आठवडे सारख्याच भेटी होत्या. एका गटाला सुया, दुसऱ्याला विजेचे जोरदार झटके, तिसऱ्याला जाणवणारही नाहीत इतके सौम्य झटके. तीन महिन्यांनी आणि वर्षाने पाहिलं तर गटागटांत फरक नव्हता. २०१६ साली सुईच्या ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्ण एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात फायदा दिसला, पण बहुतेक चाचण्या इतक्या कच्च्या की नेहमीच्या वापराची शिफारस करता आली नाही.

दाबाच्या चाचण्या याहून लहान आहेत, बहुतेक कोरिया, तैवान आणि चीनमधल्या. काहींत नर्सनी दुखऱ्या खांद्यावर दाब दिला आणि दुखणं कमी झाल्याचं नोंदवलं. त्यांची खरी अडचण वेगळीच आहे. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटा दाब कसा द्यायचा? संशोधक बिंदूपासून दोन बोटं बाजूला दाबतात, किंवा त्याच जागी हलकेच बोट टेकवून ठेवतात. पण मग त्या ‘खोट्या’ गटातल्या रुग्णाचाही लुळा हात रोज कुणीतरी हातात घेतं, कोपर सरळ करतं, बोटं उघडतं, त्याच्याशी दहा मिनिटं बोलतं, आणि त्या हाताकडे तो स्वतःही पाहू लागतो. दोन्ही गट सुधारतात, फरक बारीक निघतो. अहवालात सुधारणा बिंदूच्या खात्यावर लिहायची की हाताच्या, ते मग आकडेमोड करणारा ठरवतो.